पावसाळी किनाऱ्याची बेगमी

जालन्यातील घरांत बेगमी हा शब्द उन्हाळ्याशी जोडलेला आहे. गव्हाला ऊन द्यायचे, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा, डाळी भरून ठेवायच्या, पापड-कुरडया वाळवायच्या आणि मग मृगाची वाट पाहायची. येथे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही दरवर्षी पडेलच असे नाही. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या हाताला एक सवय कायमची जडली आहे. परगावी निघायचे म्हटले की सर्वांत आधी पिण्याचे पाणी भरले जाते. छत्री आठवते ती घराला कुलूप लावताना, आणि पुष्कळदा तेव्हाही आठवत नाही.

अशा गावातील माणूस ऐन पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर जायला निघतो, तेव्हा त्याची बॅग बहुधा चुकीची भरली जाते. मोंढ्यावर आडतीचे दुकान असलेल्या एका कुटुंबाने ही चूक एकदा केली आणि तिची किंमत थोडक्यात चुकली. त्या घरातील बाईंनी त्यातून जो धडा घेतला, तो व्यापारी घरांना उपयोगी पडावा असा आहे.

आडतीच्या धंद्यात पेरण्या आटोपल्यानंतरचे दिवस मंदीचे असतात. शेतकऱ्याकडचा माल संपत आलेला, बाजारातील आवक उतरलेली. दोन-चार दिवस दुकान मुनीमजींवर सोपवता येते. चातुर्मास बसण्यास अवधी असतो. आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी घरी परतायचे, एवढाच बाईंचा आग्रह; एकदा चौमासा लागला की त्या गावाबाहेर पाऊल टाकीत नाहीत. त्यामुळे या कुटुंबाचा प्रवास, घडलाच तर, याच पंधरवड्यात घडतो.

काही वर्षांपूर्वी असाच बेत ठरला. बाबूजी, बाई, मुलगा आणि सूनबाई असे चौघे स्वतःच्या मोटारीने रत्नागिरीकडे निघाले. पहाटे चारला जालना सोडले. अहिल्यानगर, पुणे, कराड करीत मलकापूरमार्गे आंबा घाट उतरायचा आणि दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचून जेवायचे, असा हिशेब होता. हिशेब कागदावर बरोबर होता. त्यात पावसाचा आकडा मात्र कोणी धरला नव्हता.

घाटात झाड आणि त्यासोबत दरडीची माती रस्त्यावर आली. संध्याकाळच्या पाचला वाहनांची रांग थांबली ती रात्री उशिरापर्यंत हलली नाही. सर्व सामान टपावरच्या कॅरिअरवर, वर ताडपत्री आणि तिच्यावर करकचून आवळलेली दोरी. पाऊस असा की दार उघडताच माणूस चिंब व्हावा. बाबूजींना कैक वर्षांचा मधुमेह. गोळी वेळेवर घेतलेली. दुपारचे जेवण मात्र ‘संध्याकाळी नीट जेवू’ म्हणून दोन खाखऱ्यांवर भागवलेले. त्यांचा चौविहार अनेक वर्षांचा. सूर्य मावळला, तसे त्यांनी पाण्याची बाटलीही बाजूला ठेवली.

आठच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. बोलणे असंबद्ध होऊ लागले. मुलाला ते दुकानातील हमालाच्या नावाने हाक मारू लागले. रक्तातील साखर उतरली की असे होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. साखर मोजण्याचे यंत्र, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, गुळपापडीचा डबा हे सारे टपावर, ताडपत्रीखाली होते. मुलगा दोरी सोडायला धावला. ओल्या दोरीची गाठ काही सुटेना. सूनबाईंनी पुढच्या मोटारीतून बिस्किटे मागून आणली. बाबूजींनी मान हलवली. शुद्ध पुरती नव्हती. परंतु पच्चक्खाण मात्र आठवत होते.

त्या वेळी बाईंनी हातातील बटवा पालथा केला. सुट्टी नाणी, माळ, देवळातील अक्षता आणि एका पुरचुंडीत खडीसाखरेचे सात-आठ खडे निघाले. त्यांनी बाबूजींचा हात धरून शांतपणे सांगितले, “पच्चक्खाणात आजारपणाचा आगार असतो. प्रायश्चित्त मी महाराजसाहेबांना विचारून आणीन. आता तोंड उघडा.” खडीसाखर जिभेवर ठेवली गेली, बाटलीतील दोन घोट पाणी दिले गेले. वीस मिनिटांनी बाबूजींनी मुलाला त्याच्या नावाने हाक मारली.

गोष्ट एवढ्यावर निभावली. पण समुद्राचे नाव घरातून गेले. पुढची काही वर्षे कोणी कोकणाचा विषय काढला की बाबूजी म्हणत, “मला पाऊस गच्चीवरूनच दिसतो.”

यंदा नातवाने हट्ट धरला आणि सूनबाईंनी तो उचलून धरला. बाबूजी गप्प राहिले. बाईंनी मात्र कपाटातून एक लाल वही काढली आणि काय घ्यायचे, काय नाही, हे लिहावयास बसल्या. “बाई, तिथं हॉटेलात सगळं मिळतं. एवढं लिहायचं काय त्यात?” असे सूनबाई म्हणाल्या. बाई उत्तरल्या, “मिळतं ना बेटा. पण ते तिथं पोहोचल्यावर. आपली बॅग मधल्या वाटेची आहे.”

या एका वाक्यात सगळा विषय आला. पावसाळी किनाऱ्याची बेगमी समुद्राकरिता करायची नसते. ती अडकून पडण्याच्या रात्रीकरिता करायची असते. कारण समुद्र त्या दिवसांत प्रवाशाला फारसे काही देऊ करीत नाही. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. जालन्याचा वर्षाचा पाऊस तिकडे एकट्या जुलैत पडून जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. गोव्यातील किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी पावसाआधीच उतरवल्या जातात आणि पाण्यात उतरू नये म्हणून लाल निशाणे लावली जातात. गणपतीपुळ्याचा समुद्र तर एरवीही पोहणाऱ्यास दगा देणारा. पावसाळ्यात त्यात पाऊल घालणे म्हणजे जिवाशी खेळ. स्वतः कोकणी माणूस या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून, नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवतो. मे महिन्यातच सरपण, कोकम, आंब्या-फणसाची साठे भरून त्याची आगोटीची बेगमी झालेली असते. ज्याचा जन्म त्या पावसात गेला, तो एवढी तयारी करतो. मग पाहुण्याने नुसती छत्री घेऊन कसे भागावे?

वाटेचे म्हणाल, तर कोकण रेल्वे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळ्या पावसाळी वेळापत्रकाने चालते. गाड्यांचा वेग उतरवलेला असतो, डोंगरकापांच्या जागी गस्त असते, सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा बदललेल्या असतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडाले, तेव्हा त्या मार्गावरील गाड्या जागोजागी थांबून राहिल्या होत्या. तेव्हा उशीर हा या प्रवासातला अपवाद समजू नये. व्यापारी जसा बुडीत येण्यासाठी आधीच तरतूद करतो, तशी ती येथेही नफ्यातोट्याच्या आधी करावी.

बाईंनी वहीत तीन भाग पाडले.

पहिला भाग हातच्या पिशवीचा. ही पिशवी मांडीवर किंवा पायाशी राहील. टपावर, डिकीत किंवा बर्थखाली जाणार नाही. तिच्यात बाबूजींच्या चार दिवसांच्या गोळ्यांऐवजी आठ दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, साखर मोजण्याचे यंत्र, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, मलमपट्टी. एक विजेरी आणि भ्रमणध्वनीसाठी भरलेली पॉवर बँक. उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, पाणी गाळण्याचे गाळणे. आणि घट्ट झाकणाच्या लहान डबीत खडीसाखर. पैशांसाठी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात आधारकार्डांच्या प्रती आणि शंभर-पन्नासच्या नोटा. ही शेवटची गोष्ट तरुणांना पटत नाही. परंतु वादळी वाऱ्यात तारा तुटल्या की वीज जाते, विजेमागोमाग टॉवर जातो, आणि मग एटीएम, कार्डाचे यंत्र व क्यूआर कोड तिन्ही एकाच वेळी मुके होतात. खात्यात शिल्लक असणे आणि हातात रोकड असणे यांतील भेद व्यापाऱ्याला सांगावा लागू नये. पावसाळ्यात तो चहाच्या टपरीवरही कळतो.

दुसरा भाग कपड्यांचा. जालन्यात श्रावणातही धोतर दोन-तीन तासांत वाळते. हवा कोरडी आणि वारा मोकळा. किनाऱ्यावर हवाच पाण्याने भरलेली असते, ती कपड्यातील ओल ओढून घेणार कशी? सुती सदरा दोन दिवस दोरीवर राहिला तरी त्याचा दमटपणा जात नाही. जीन्सची विजार तर भिजली की परतेपर्यंत ओझे होऊन बसते. म्हणून टेरिकॉटचे, पातळ, लवकर पाणी सोडणारे कपडे घ्यावेत आणि प्रत्येकाचा एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, काही झाले तरी न उघडण्याच्या अटीवर ठेवावा. तो राखीव निधी समजावा. आतले कपडे मात्र नेहमीपेक्षा दुप्पट असावेत. सोबत दहा हात नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे, दोन पातळ पंचे आणि रद्दी वर्तमानपत्रे. ओल्या पादत्राणांत रात्री कागदाचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत बरीच ओल निघते.

छत्री घ्यावी, पण भरवसा रेनकोटवर ठेवावा. समुद्राकडून येणारा वारा छत्री क्षणात उलटी करतो. कोकणातील शेतकरी भात लावताना इरले पांघरतो आणि मराठवाड्यातील पोत्याची खोळ करून घेतो, ते दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणूनच. बॅगेला बाहेरून आवरण असले तरी आतून मोठी प्लास्टिकची पिशवी लावावी. पादत्राणे मागून पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली आणि आठ दिवस घरात घालून पायाला रुळवलेली असावीत. नवी कोरी घेऊन निघाल्यास पहिल्याच दिवशी फोड येतात, आणि फोड आलेला पाय घेऊन साचलेल्या पाण्यातून चालणे धोक्याचे असते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला, तर पावसात कोकणात फिरून आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर या दिवसांत हिरवे शेवाळ धरते. नातवाला बाईंनी निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते, “खाली बघून चालायचं. शेवाळावर पाय पडला तर त्या जिवांनाही इजा आणि तुझ्याही गुडघ्याला.” ईर्यासमितीचा अर्थ मुलाला एवढ्यात कळला.

खाण्याच्या पदार्थांबाबत तर परंपरेने पूर्वीच मर्यादा घालून दिल्या आहेत. दिगंबर परंपरेत पिठाची मुदत हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानली जाते. श्वेतांबर परंपरेत मिठाई व तत्सम पदार्थांचा काळ हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि चौमाशात पंधरा दिवस. दमट हवेत बुरशी किती लवकर धरते, याचे हे पिढ्यांनी केलेले निरीक्षणच आहे. किनाऱ्यावर ही मुदतही लांब वाटावी अशी स्थिती असते. मोठा डबा एकदा उघडला की खाखरे तासाभरात वातड होतात. म्हणून बाईंनी पाच-पाच खाखऱ्यांची वेगळी पाकिटे केली. फुटाणे, लाह्या, भाजलेली मूगडाळ आणि सुका मेवा यांच्याही एकावेळच्या पुड्या बांधल्या. एक पुडी म्हणजे एका माणसाचे एक वेळचे खाणे. मुक्कामाच्या ठिकाणी कांदा, लसूण, बटाटा नको आणि जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, हे मुलाने दोन दिवस आधीच दूरध्वनीवरून कळवले. आयत्या वेळी सांगितल्यास स्वयंपाक करणाऱ्याचीही अडचण होते.

तिसरा भाग घरी ठेवायच्या वस्तूंचा, आणि तोच सर्वांत लांब होता. दागिने, भरजरी साड्या, चामड्याचे पट्टे, पोहण्याचे कपडे, लोकरीची शाल, मोठा कॅमेरा, तीन-तीन जोडे. सूनबाईंच्या दोन साड्या आणि नातवाची चेंडू-फळी या भागात गेली. “बाई, निदान एक तरी,” असे सूनबाई म्हणाल्या. एक साडी परत आली. चेंडू-फळी आली नाही. ओली झालेली बॅग कोरड्या बॅगेहून जड होते आणि ती उचलणारे हात तेवढेच असतात. परिग्रहाचे परिमाण व्याख्यानात ऐकायला सोपे जाते. फलाटाच्या जिन्यावर ते खांद्याला कळते.

यंदा मोटार टाळली. मुंबईपर्यंत आगगाडी, तेथे नातलगांकडे रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोकण रेल्वे. निघण्याआधी तीन दिवस मुलगा हवामान खात्याचा अंदाज पाहत होता. केशरी किंवा लाल इशारा आला, तर तिकिटाचे पैसे बुडवून घरी राहायचे, हे आधीच ठरले होते. इशारा पिवळाच राहिला, म्हणून निघाले.

चिपळूणच्या अलीकडे एका लहान स्थानकात, दुपारी एकच्या सुमारास गाडी थांबली. पुढे रुळालगत माती आली होती. ती काढून, मार्ग तपासून मगच गाडी सुटणार होती. एक तास गेला, दोन गेले. डब्यातील चहावाला येईनासा झाला. बाहेर भाताच्या खाचरांवर पाऊस कोसळत होता आणि खिडकीच्या काचेतून डोंगर दिसेनासा झाला होता. बाबूजी काही बोलत नव्हते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले, तेव्हा बाईंनी पिशवी उघडली.

आधी यंत्रावर साखर मोजली. ठीक होती. मग साडेसहाला, उजेड पुरेसा असताना, पाचही जणांच्या हातात पुड्या आल्या. खाखरे कुरकुरीत होते. गाळलेले, उकळलेले पाणी होते. समोरच्या आसनावर एक तरुण आई होती. तिच्या मुलीने दुपारपासून काही खाल्ले नव्हते. तिलाही एक पुडी आणि मूठभर मनुके गेले. बाबूजींनी तोंड धुतले, हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले आणि प्रवासात पहिल्यांदाच बाहेर पाहत म्हणाले, “आता कितीही थांबू दे.” गाडी सातनंतर सुटली. रत्नागिरीत उतरून मुक्कामी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले होते. त्या वस्तीत वीज नव्हती. विजेरी हाताशी होती.

पुढचे दोन दिवस समुद्र पाहण्यात गेले. पाण्यात कोणी उतरले नाही. भाट्याच्या किनाऱ्यापासून दूर, आणि आरे-वारेच्या रस्त्यावर कठड्याच्या आत उभे राहून त्यांनी मातकट रंगाच्या लाटा पाहिल्या. एक दुपार इतकी धुवाधार गेली की ब्रह्मदेशच्या बंदिवान राजासाठी १९१० मध्ये बांधलेल्या थिबा राजवाड्यात जाऊन बसावे लागले. बाईंनी खोलीच्या कोपऱ्यात आसन अंथरून दोन्ही दिवस सामायिक केली. बाबूजी कठड्याशी उभे राहिले, की बराच वेळ हलत नसत. ज्या गावात टँकरची वाट पाहत रात्री काढल्या, तेथील माणसाने एवढे पाणी पाहून काय विचार केला असेल, ते त्यांनी सांगितले नाही. नातवाने विचारले, तेव्हा इतकेच म्हणाले, “आपल्या घाणेवाडीला यातला एक दिवस मिळाला असता तर...”

चतुर्दशीला अजून चार दिवस होते, तेव्हा कुटुंब जालन्यास परतले. बॅगा गच्चीवर उन्हात उघड्या टाकल्या गेल्या. बाईंनी लाल वही काढली आणि प्रत्येक वस्तूपुढे खूण केली. डावीकडे ‘लागले’, उजवीकडे ‘न लागले’. विजेरी, दोरी, चिमटे, रद्दी, सुट्ट्या नोटा, पुड्या हे सर्व डावीकडे आले. सूनबाईंची साडी उजवीकडे गेली. मलमपट्टी, मीठ-साखरेची पाकिटे आणि राखीव जोडांपैकी दोनही उजवीकडेच.

खडीसाखरेची डबी उघडली गेली नव्हती. बाईंनी तिच्यापुढे ‘न लागले’ असे लिहिले, ओलीने चिकटलेले खडे काढून टाकले, डबी धुऊन पुसून कोरडी केली, ताजे खडे भरले आणि ती पुन्हा हातच्या पिशवीत ठेवून पिशवी खुंटीला टांगली.